पाठीवरचा रस्ता

ती गाडी लाल होती एवढं सांगून भागणार नाही. लाल तर पोस्टाची पेटीही असते. ही गाडी आमच्या लिलावघराच्या दारातून आत आली, तेव्हा विक्रीला मांडलेली झुंबरं, पितळी पलंग आणि आरसे यांनी आपापली चमक मुकाट्याने आवरती घेतली. मी लिलाव पुकारायच्या चौथऱ्यावर उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातला एक आरसा पुढे विकलाच गेला नाही. त्यात बघावं तर आपल्या खांद्यामागे थोडा लाल रंग दिसतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती.

गाडी म्हणजे मोटरसायकल, इटालियन. लांबोळकी टाकी, आडवं निजलेलं एकच सिलिंडर आणि इंजिनाच्या अंगाला उघड्यावर गरगरणारं पोलादी चाक, पाव कापायच्या यंत्राएवढं. उभी असताना तिचे ठोके इतके सावकाश पडत की दोन ठोक्यांच्या मधे माणसाने चहा गाळून घ्यावा. पण एकदा रस्त्याला लागली की असा आवाज करायची, की पुढच्या चौकातले पोलीस शिट्टी खिशात टाकून कानांत बोटं घालत.

ती इकडे आली कशी, याच्या तीन हकिगती होत्या आणि तिन्ही मालकानेच सांगितलेल्या. एकीत जहाजावरचा एक इंजिनिअर ती पत्त्यांत हरला होता. दुसरीत एका गवयाने आपला घसा बरा झाल्याच्या आनंदात ती डॉक्टरला दिली आणि डॉक्टरने घाबरून पुढे विकली. तिसरी हकिगत मालक बायको समोर असताना सांगायचे, त्यामुळे ती अगदीच नीरस होती. भंगारवाल्याकडून घेतली म्हणे.

मालक म्हणजे आमचे चष्मेकाका. बाजारपेठेतल्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांची काच. मी स्वतः त्यांच्याकडूनच चष्मा घेतला, आणि पहिल्या दिवशी तो लावून घरी गेलो तेव्हा बायको ओळखू आली, हा त्यांचा माझ्यावरचा उपकार की काय ते अजून ठरलेलं नाही. तर असा हा गावाला नजर वाटणारा माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. चष्म्याने भागणारं दुखणं नव्हतं, ऑपरेशनने सुधारणारं नव्हतं. हळूहळू चेहरे गेले, मग अक्षरं गेली, उरल्या नुसत्या सावल्या. समोर माणूस आहे की खांब, हे तो हलला तरच कळायचं.

"आणि काही माणसं हलत नाहीत," काका म्हणायचे. "परवा मी बँकेत एका खांबाशी बराच वेळ बोललो. साहेबापेक्षा बरं ऐकून घेतलं त्याने."

आता तुम्ही विचाराल, असा माणूस मोटरसायकल कशी चालवायचा? चालवायचा. त्याचं कारण मागे बसायचं.

काकू बस स्थानकावर निवेदक होत्या. कोणती बस कोणत्या फलाटावर लागली, ते भोंग्यातून सांगायचं काम. आवाज असा खणखणीत की वीज गेली तरी त्यांचं काम अडत नसे. खिडकी उघडून बोलल्या की झालं. एकदा म्हणे त्यांनी 'फलाट सोडून उभे राहा' असं जरा जोरात म्हटलं, तर रस्त्यापलीकडच्या शाळेत सगळा वर्ग बाकांवरून उठला. पण त्या गाडीपुढे काकूंचाही आवाज चालेना. लग्नानंतर पहिल्यांदा मागे बसल्या तेव्हा त्या वाटभर ओरडत राहिल्या की माझी चप्पल पडली, आणि काका वाटभर मान डोलवत राहिले, कारण त्यांना वाटलं बायको निसर्गाचं कौतुक करतेय.

त्यावर काकूंनी तोड काढली. आवाज बंद, हात सुरू. उजव्या खांद्यावर टिचकी, उजवीकडे वळा. डाव्या खांद्यावर, डावीकडे. पाठीवर दोन थापा, हळू. आणि दोन्ही खांद्यांच्या मधे अख्खा तळवा शांतपणे टेकवला की रस्ता मोकळा आहे, जाऊ द्या बिनधास्त. आधी ही गंमत होती. पुढे काकांची नजर मंद होत गेली तसतशी त्या गमतीचीच वाट झाली. काकूंनी खांद्यावरून बघायचं, पाठीवर लिहायचं, काकांनी वाचायचं. त्यांनी इतक्या वर्षांत साधी कोंबडीसुद्धा दुखावली नाही. पोलिसांनी एकदाच अडवलं, तेही गाडी बघायला. डोळस माणसांनी दर महिन्याला कुठे ना कुठे गाडी आपटावी आणि या दोघांनी पिठाच्या गिरणीपासून तळ्यापर्यंत रोज संध्याकाळी फिरून यावं, याची गावाला लाज वाटायला हवी होती. पण गावाला कशाचीच लाज वाटत नाही.

ती गाडी ढकलत काका लिलावघरात आले तेव्हा मी म्हटलं, "काका, दुरुस्तीचं दुकान पुढच्या गल्लीत आहे."

"विकायचीय," काका म्हणाले.

मी चौथऱ्यावरून खाली उतरलो. काकू बाहेर दारातच थांबल्या होत्या, दुसरीकडे बघत. काकांनी चाचपत गाडी उभी केली आणि मला कोपऱ्यात ओढलं. तिथे एक शिंगवाला हरणाचा मुखवटा होता. आधी त्यालाच धरलं, मग मला.

"हिनेच सांगितलं विकायला," ते हळू आवाजात म्हणाले. "तळ्यावरून येत होतो. धोब्याच्या मैदानातून आलो आम्ही. तिथे चादरी वाळत घातलेल्या. हिने पाठीवर हात ठेवला, मी सोडली गाडी, आणि आम्ही थेट चादरींतून आरपार! डोक्यावर एक चादर घेऊनच रस्त्याला लागलो. लोक म्हणाले भूत चाललंय मोटरसायकलवर. मी इतका हसलो की गाडी थांबवावी लागली. हीपण हसली. आणि घरी उतरता उतरता म्हणाली, 'अहो, ही विका आता. मला नाही बसायचं मागे.' बस. कारण नाही, काही नाही."

"भांडण?"

"भांडण असतं तर बरं होतं रे. भांडणात कारण तरी कळतं." काका टाकीवरून हात फिरवत होते, बसून बसून चकचकीत झालेल्या सीटपर्यंत. "गाडीचं मला काही नाही. लोखंड आहे, जाईल. पण मागे बायको नसली तर मी गाडी दारातून बाहेरसुद्धा काढू शकत नाही, हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली. म्हणजे कंटाळली. माझ्या पाठीमागे बसून बसून कंटाळली. एवढं एक मला कळलं पाहिजे, की ती माझ्यामागे बसायला कंटाळली का. विचारायचा धीर होत नाही."

"मी विचारू?"

"खबरदार! तू विचारलंस तर साऱ्या बाजारपेठेला कळेल."

हे मात्र त्यांनी उगाच म्हटलं. मी गुपित पोटात ठेवतो. फक्त पोट मोठं आहे, आत बरीच माणसं मावतात.

लिलावाच्या दिवशी सकाळपासून गर्दी. आमच्याकडची पद्धत अशी की दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दारवान एक पुठ्ठा देतो, त्यावर मोठा आकडा. बोली वाढवायची असेल तर तोंडाने बोलायचं नाही, पुठ्ठा वर करायचा. आणि दुसरा नियम असा की आपल्याच मालावर आपण बोली लावायची नाही. एरवी विकणारी मंडळी ऑफिसात बसून नखं खातात, पण मी काका-काकूंना मान म्हणून आत खुर्च्या दिल्या. दारवानाने सवयीने काकांच्याही हातात पुठ्ठा ठेवला. उकाडा होता. काकांना वाटलं वारा घ्यायला दिलाय. त्यांनी आभार मानले आणि वारा घेत बसले.

काकांना मी पुढच्या रांगेत बसवलं. काकूंसाठी शेजारची खुर्ची होती. पण काकू सरळ मागच्या रांगेत, काकांच्या बरोब्बर पाठी जाऊन बसल्या. मला वाटलं रुसल्यात. नंतर लक्षात आलं, त्यांना दुसरीकडे बसताच येत नसावं.

काकूंच्या शेजारी एक फर्निचरवाला होता. पितळी पलंगासाठी आलेला आणि तो हुकल्यामुळे जगावर नाराज. दुसऱ्या टोकाला ड्रायव्हिंग स्कूलवाली बाई. गावातली निम्मी माणसं तिने शिकवलेली, आणि उरलेली निम्मी तिच्या शिष्यांना चुकवत रस्त्याने चालणारी. इतकी वर्षं शिकाऊ माणसांशेजारी बसून तिच्या उजव्या पायाला सवय लागली होती. कोणी जरा घाई केली की तिचा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. मी बोली भरभर पुकारायला लागलो की तिचा पाय खाड्कन खाली. आमच्या फरशीला तिथे खळगा आहे, अजून या बघायला.

कपाटं गेली, झुंबर गेलं, हरणाचा मुखवटा एका दातांच्या डॉक्टरने नेला. मग गाडी पुढे आणली.

मी सुरुवात केली. ओळखीच्या माणसाची गाडी पुकारणं सोपं नसतं, पण तोंडाला सवय असते. "मंडळी, ही गाडी नाही, हा इटलीहून आलेला पाहुणा आहे! हिच्या मालकाने हिला कधी उन्हात उभं केलं नाही, कधी शिवी दिली नाही. हिच्या टाकीत तोंड बघून अनेकांनी भांग पाडलाय. बोला!"

चार-पाच पुठ्ठे वर गेले. हौशी मंडळी. एक-एक जण गळत गेला. शेवटी ड्रायव्हिंग स्कूलवाली बाई एकटी उरली. मी "एक वार" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मी काकूंकडे पाहिलं. काकांची मान खाली गेली होती. खांदे पडले होते. काकूंनी ओठ घट्ट मिटले, पुढे झुकल्या, आणि काकांच्या दोन्ही खांद्यांच्या मधे अख्खा तळवा शांतपणे टेकवला. धीर द्यायला. इतकंच. कुठल्याही बायकोने ठेवला असता.

आणि काकांचा हात पुठ्ठ्यासकट वर गेला.

तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे? अहो, त्या तळव्यावर त्या माणसाने वळणं घेतली होती, घाट उतरला होता. तो हात पाठीवर पडला की काकांच्या अंगात विचार नावाची वस्तू उरत नसे. रस्ता मोकळा, जाऊ द्या. इथे हँडल नव्हतं, हातात पुठ्ठा होता, तो पुढे गेला. त्यांना स्वतःला कळलं तरी की नाही, देव जाणे.

माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "पुढच्या रांगेतून बोली वाढली!"

ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईने कोण ते न बघताच पुठ्ठा वर केला. काकूंना वाटलं, बोली वाढतेय, म्हणजे यांना जास्तच लागत असेल. त्यांनी हात आणखी दाबला. काकांचा पुठ्ठा पुन्हा वर. बाईचा पुठ्ठा वर. काकूंनी आता पाठीवरून हात उचललाच नाही, आणि काका हात खाली घेईनात. बाईचा पाय फरशीवर ब्रेक दाबायला लागला, हात मात्र बोली वाढवत राहिला. हॉलमधली माणसं आ वासून कधी इकडे बघतात, कधी तिकडे. मला दरदरून घाम. ज्याची गाडी तोच ती विकत घेत होता, आणि मी पुकारत होतो!

मी हातोडा आपटून "थांबा!" म्हणणार, तोच मागच्या रांगेतून काकूंचा आवाज आला. कुजबुजायचा प्रयत्न होता, पण गळ्यात बस स्थानकाचा भोंगा. साऱ्या हॉलला ऐकू आलं.

"कोण आहे हो हा मेला सारखा भाव वाढवणारा? संपवत का नाहीत एकदाचं? इथे आमच्या ह्यांचा जीव चाललाय!"

फर्निचरवाल्याने त्यांच्याकडे वळून बघितलं. मग पुढे बघितलं. काकांचा पुठ्ठा काकूंच्या नाकासमोर, हातभर अंतरावर, उंच धरलेला होता.

"बाई," तो म्हणाला, "थट्टा करताय का? तुमचेच हे वाढवतायत की. हा काय पुठ्ठा, तुमच्या तोंडासमोर!"

"कुठे?" काकू म्हणाल्या.

हॉल हसला. त्यात माझाही आवाज होता. पण काका हसले नाहीत. त्यांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी पुठ्ठा चाचपला, त्यावरून बोटं फिरवली. मग ते खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. मी त्यांना दुकानात हजारदा पाहिलंय, गिऱ्हाईक समोर बसलं की ते असेच वळायचे. थट्टा बाजूला, पाठ ताठ.

"अगं," ते म्हणाले, "तुला पुठ्ठा दिसला नाही?"

"मी दुसरीकडे बघत होते."

"बरं. आता बघ." त्यांनी पुठ्ठा समोर धरला. "आकडा वाच."

"चारचौघांत काय चाललंय तुमचं! ठेवा ते खाली."

"वाच गं."

"चष्मा घरी राहिला."

"चष्मा मी बनवलाय, आणि तो तुझ्या नाकावर आहे. मगाशी माझ्या मानेला लागला."

काकांनी पुठ्ठा थोडा जवळ नेला. पुन्हा थोडा जवळ. ते आपल्या अधू डोळ्यांनी काही बघत नव्हते, काकूंचा श्वास ऐकत होते. पुठ्ठा अगदी नाकाला टेकायला आला तेव्हा काकूंनी बारीक आवाजात आकडा सांगितला. तो बरोबर होता.

"दिव्याभोवती कडं दिसतं?" काकांनी विचारलं.

"दिसतं."

"रंगीत?"

"हो. छान दिसतं तसं."

"आणि उन्हात सगळं दुधासारखं?"

काकूंनी मान डोलवली. मग यांना दिसायचं नाही हे लक्षात येऊन म्हणाल्या, "हो."

"त्या चादरी..."

"नाही दिसल्या हो मला." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. पुढच्या वाक्यासाठी मला चौथऱ्यावरून वाकावं लागलं, आणि ते मी वाकून ऐकलं. "पांढरं ऊन, पांढऱ्या चादरी. मला वाटलं मोकळं मैदान. म्हणून हात ठेवला. तुम्ही हसत होतात आणि मी थरथरत होते. त्या जागी कोणाचं पोर असतं तर? तुम्हाला काही झालं असतं तर?"

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? की तुमचे डोळे गेले, आता माझेही चाललेत? तुम्ही म्हणायचात ना सगळ्यांना, मला काय कमी आहे, मागे दोन डोळे आहेत माझे. त्या मागच्या डोळ्यांचं काय झालं, ते कोणत्या तोंडाने सांगू? आणि तुम्ही चष्मेवाले. घरातल्या बाईचे डोळे आपल्याला कळले नाहीत, हे तुम्हाला किती लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, गाडीच जाऊ दे."

काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसेच बसले. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं, ते मी सांगायला गेलो तर खोटं वाटेल. आणि मग, मी शपथेवर सांगतो, तो माणूस हसला. चादरींच्या दिवशी हसला असेल तसा, अगदी आतून, खांदे हलवत.

"हसायला काय झालं?" काकू चिडल्या.

"म्हणजे तू कंटाळली नाहीस!"

"कशाला?"

"माझ्यामागे बसायला."

"अहो, काय बोलता!" काकूंचा आवाज परत जागेवर आला आणि मागच्या खिडकीची काच किंचित वाजली. "कंटाळायला वेळ कधी दिलात तुम्ही? एक वळण संपलं की दुसरं. जन्मभर तुमची मान बघितली मी. मानेवर तीळ कुठे आहेत, ते मला पाठ आहे. कंटाळली म्हणे! आणि हे मनात ठेवून बसलात इतके दिवस?"

"विचारायचा धीर होत नव्हता."

"आणि गाडी विकायला आणायचा धीर झाला? शहाणेच आहात."

फर्निचरवाला रुमाल काढून उगाच खुर्चीचा हात पुसायला लागला. खुर्ची आमचीच होती, पुसू दिली.

"अगं वेडे," काका म्हणाले, "हा मोतीबिंदू आहे. पिकलाय मस्त. हा निघतो. माझं दुखणं निघत नाही, तुझं निघतं. डॉक्टर माझ्या दुकानाच्या वरच बसतो. काढला की पुन्हा सगळं लख्ख दिसेल तुला."

"सगळं?"

"सगळं. मीसुद्धा."

"तोच एक धोका आहे," काकू म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या, काचा कोरड्या असताना.

एवढं सगळं झालं, पण मी तिथे हातोडा घेऊन उभा होतो आणि लिलाव अर्धवट लटकलेला. मी नियम सांगितला. मालकाने आपल्याच मालावर लावलेली बोली धरता येत नाही. ती सगळी बाद. मागे जाऊन जिथे मालकाच्या आधी दुसऱ्या माणसाची शेवटची खरी बोली होती, तिथून सुरू करायचं, किंवा मालकाने माल परत न्यायचा. "काका, आता तुमच्यावर आहे. बोला."

सगळा हॉल काकांकडे बघत होता. मलाही वाटलं, परत नेतील. नेणारच. डोळे बरे होणार म्हटल्यावर आणखी काय हवं? गाडीही घरी, काकूही घरी.

काकांनी मागे वळून विचारलं, "काय करू या?"

"मला काय विचारता? गाडी तुमची."

"रस्ता कोणी सांगायचा?"

काकूंनी बराच वेळ गाडीकडे बघितलं. त्यांना काय दिसत असेल? लाल डाग, बहुतेक. "माझे डोळे बरे झाले," त्या म्हणाल्या, "तरी त्या चादरी माझ्या डोळ्यांसमोरून जायच्या नाहीत. प्रत्येक वेळी हात ठेवताना माझा जीव टांगणीला लागेल. तुम्हाला चालेल?"

"नाही," काका लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की मला कळलं, त्यांनी हे आधीच ठरवलं होतं, फक्त तिच्या तोंडून यायची वाट बघत होते. ते उभे राहिले. "द्या हो. देऊन टाका. मला हिच्याकडून एक उत्तर हवं होतं, ते मिळालं. गाडीने तिचं काम केलं."

मी ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईकडे वळलो. "बाई, तुमची खरी बोली त्या मानाने बरीच खालची ठरते. तुम्हाला तेवढ्यातच..."

"माझ्या हाताने पुठ्ठा वर झाला, तो कोणी धरून केला नव्हता," बाई म्हणाल्या. "शेवटी वर केला तीच माझी बोली. आणि आता लांबण लावू नका, माझा पाय दुखायला लागलाय."

"एक वार!" मी म्हटलं. "दोन वार!" मी चष्मा काढून पुसला. आमच्या हॉलला धूळ फार. "तीन वार!" आणि हातोडा पडला.

बाई उठून काकांकडे आल्या. "काका, काही सांगायचंय हिच्याबद्दल?"

"इंजिन गार असलं की पहिल्यांदा सुरू होत नाही," काका म्हणाले. "चिडू नका. दुसऱ्यांदा किक मारण्याआधी थोडं थांबा. तिला वाटू द्या की आपण विचार बदलला."

"माझ्या शिष्यांपैकी एकालाही हिला हात लावू देणार नाही."

"मग ती खूप जगेल," काका म्हणाले.

बाईंनी गाडी बाहेर नेली आणि किक मारली. एकदा. थांबल्या. मग दुसऱ्यांदा मारली, आणि ती जी गरजली, त्याने आमच्या छपरावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या गावाला जाऊन बसली. अजून परतली नाहीत, नाहीतर दाखवली असती. काका दारात उभे राहून ऐकत होते. आवाज चौकात वळला, लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पण काकू बघत होत्या. जवळ जाऊन बघत होत्या.

मी टॅक्सी बोलावली. आयुष्यात दोघं टॅक्सीत बसल्याचं कोणी पाहिलं नसेल. टॅक्सीवाल्याने दार उघडलं आणि पंचाईत झाली. काका चाचपत पुढच्या दाराशी गेले, ड्रायव्हरशेजारी. काकू मागच्या दाराशी. दोघंही आपापल्या जागी निमूट बसायच्या बेतात.

"अहो," काकूंनी हाक मारली, "पुढे कुठे निघालात?"

"बसायला."

"गाडी तो चालवणार आहे. तुम्ही मागे या."

"मागे? तुझ्यामागे?"

"शेजारी हो, शेजारी!"

काका गाडीला हात लावत लावत मागे आले. आत बसताना त्यांचं डोकं छपराला लागलं, गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना, एकदा चुकून काकूंच्या पायावर पाय पडला आणि काकू ओरडल्या, तर पलीकडे थांबलेल्या रिकाम्या बसच्या ड्रायव्हरने घाबरून गाडी सुरू केली. शेवटी दोघं स्थिरस्थावर झाली. मी दार लावायला वाकलो. खिडकी उघडी होती, आणि ऐकणं हा माझा धंदाच आहे.

काकू काकांच्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी नाकाला नाक लावून, मगाशी पुठ्ठा बघितला तशा.

"काय बघतेस?"

"भुवया एवढ्या पांढऱ्या कधी झाल्या हो तुमच्या?"

"मला काय माहीत? मी तरी कुठे पाहिल्यात? दिसतायत का नीट?"

"जवळून दिसतायत."

"मग सरक की अजून," काका म्हणाले, आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, "हळू घ्या हो. आम्हाला कसलीही घाई नाही."